पेट्रोलचा वास आणि इथेनॉलचे निमित्त

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाडीत पेट्रोलचा वास आला की हल्ली बेळगावात सगळे खापर इथेनॉलवर फुटते. इथेनॉल उसापासून बनते, आणि जिल्हाभर ऊस आणि साखर कारखाने असल्यावर तेच नाव आधी तोंडी येणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. त्याआधीच्या गाड्यांतले साधे नायट्राइल रबर त्यात फुगते आणि गाडी बरेच दिवस उभी राहून सुकले की चिरते, हे खरेच. पण मारुती ८००, झेन, सँट्रो, वॅगन-आर अशा जुन्या इंजेक्शन गाड्या उघडल्या की पुष्कळदा दोषी निघते ती मागच्या दुरुस्तीत बसवलेली चुकीची नळी.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेच्या ओढीने इंजिनात जाते, म्हणून ते जेमतेम पाव किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाने येते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इंजेक्टर नावाच्या बारीक तोट्यांतून फवारले जाते, तिथे तोच दाब अडीच ते तीन किलो असतो. दुकानात मात्र दोन्ही नळ्या काळ्याच, एकाच जाडीच्या, फुटावर कापून मिळणाऱ्या. फरक नळीवरच्या छापात असतो. एसएई जे-३० या नळ्यांच्या मानकात आर-७ ही कार्बोरेटरची, आर-९ ही इंजेक्शनची. तिला आतून फ्लोरोइलास्टोमरचे, म्हणजे व्हायटॉन जातीचे अस्तर असते. छाप नसलेली नळी स्वस्त असली तरी घेऊ नये. उद्यमबागेच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे हायड्रॉलिक होज सहज प्रेस करून मिळते आणि काही जण तीच बसवतात. ती दोनशे किलो दाब सोसेल, पण तिचे अस्तर हायड्रॉलिक तेलासाठी असते, पेट्रोलसाठी नाही. क्लिपही खाचांच्या पट्टीची नको. खाचा रबरात रुततात. आतून गुळगुळीत असलेली, नट-बोल्टने आवळायची इंजेक्शन क्लिप वापरावी.

गळती शोधताना पहिला प्रश्न असा: वास कधी येतो? टाकी फुल्ल केल्यावरच येत असेल तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे भरणीच्या नळीत, हवेच्या बारीक नळीत किंवा पंपाच्या झाकणाखालच्या गॅस्केटमध्ये. पेट्रोल पाव टाकीवर आले तरी थेंब पडतच असतील तर टाकीचा तळ किंवा सांधा गंजला आहे. खानापूर, जांबोटी, चोर्ला बाजूला फिरणाऱ्या गाड्यांत टाकी आणि तिच्या पट्ट्यांमध्ये तांबडा चिखल अडकतो आणि पावसाळा संपला तरी ओल धरून राहतो. गंज तिथूनच लागतो. उन्हात उभ्या गाडीला वास येतो पण कुठेच ओले दिसत नाही, तेव्हा टाकीच्या टोपणाचे रबर आणि कोळशाचा कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा डबा) बघावा. थंडीतल्या सकाळी गळून इंजिन तापल्यावर थांबणारी गळती बहुतेक इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंगची, म्हणजे रबरी कड्याची असते. कडक झालेले रबर थंडीत आकसते आणि तापले की पुन्हा बसते. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिल्या किल्लीलाच बघावे. गरम इंजिनावर पडलेला थेंब दिसायच्या आत उडून जातो. प्रत्येक जोडाला पांढरा कागद गुंडाळला की ओल लगेच कळते.

हात घालण्यापूर्वी दाब उतरवणे सक्तीचे आहे. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करावे, आपोआप बंद पडू द्यावे, मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारून बॅटरीची निगेटिव्ह सोडावी. तरीही जोड उघडताना भोवती फडके धरावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात साचते. त्यामुळे हे काम पिटवर नको, उघड्यावर करावे. वायरला लोंबणारा बल्ब नको, एलईडी टॉर्च चालेल. जवळ पावडरचा अग्निशामक हवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारले तर ते पसरते.

बाहेर सगळे कोरडे, पण सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, काळा धूर येतो, ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो, तर गळती आतल्या आत आहे. इथे प्रेशर गेज लागतोच, अंदाजाने पार्ट बदलत बसू नये. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या छोट्या गाड्यांत किल्ली ऑन करून पंप फिरला की साधारण २.७ ते ३.१ किलो दाब दिसावा, आयडलला (इंजिन नुसते चालू असताना) २.१ ते २.६, आणि इंजिन बंद केल्यावर मिनिटभराने २ च्या वर टिकावा. आयडलला दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर दाब साधारण अर्धा किलो चढला पाहिजे. त्या नळीत पेट्रोल दिसले तर रेग्युलेटरमधला डायाफ्राम (रबरी पडदा) फाटला आहे, पुढे शोधायची गरजच नाही.

दाब टिकत नसेल तर किल्ली पुन्हा ऑन करून पंप फिरवावा आणि पंप थांबताच रिटर्नची रबरी नळी चिमटीने दाबावी. आता दाब टिकला तर रेग्युलेटर गेला. नाही टिकला तर चिमटी काढून दाब पुन्हा चढवावा आणि पुरवठ्याची नळी दाबावी. आता टिकला तर टाकीतल्या पंपाचा, पेट्रोल मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गेला. दोन्ही वेळा काटा खाली येत असेल तर इंजेक्टर ठिबकतात. चालू इंजिनात रिटर्न दाबू नये, दाब भलताच चढतो. प्लॅस्टिकच्या नळीला तर चिमटी लावूच नये, ती तडकते. इंजेक्टर रेलसकट (ते ज्या पेट्रोलच्या नळीला जोडलेले असतात तिच्यासकट) बाहेर काढून दाब दिल्यावर मिनिटाला एक थेंब किंवा त्याहून जास्त पडला तर तो साफ करावा किंवा बदलावा. काढलेल्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा पुन्हा वापरू नयेत. नव्या व्हायटॉनच्या घ्याव्यात, थेंबभर स्वच्छ इंजिन ऑइल लावून बसवाव्यात. सिलिकॉन पेस्ट अजिबात नको. पेट्रोलमध्ये ती सुटते आणि तिचे तुकडे जाळीत अडकतात.

गळक्या टाकीला साबण चोळणे किंवा एम-सील लावणे हा गाडी गॅरेजपर्यंत न्यायचा उपाय, त्यापुढे त्याचा उपयोग नाही. टाकी रिकामी दिसते म्हणून वेल्डिंगला देऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

दुकानदारांना एक विनंती: आर-७ आणि आर-९ एकाच खिळ्याला टांगू नका. आणि गाडीमालकांनी बिलावर नुसते ‘पेट्रोल पाईप’ लिहून न घेता नळीवरचा छाप लिहून घ्यावा.

आपले,
जुन्या गाड्यांची कामे करणारे काही मिस्त्री,
उद्यमबाग परिसर, बेळगाव