नियुक्तीनंतरचे पहिले वर्ष

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

स्वयंसेवी संस्थेला नवा मुख्य कार्यकारी अधिकारी हवा असतो तेव्हा विश्वस्त मंडळ निवडीसाठी कित्येक महिने मनापासून खपते. नियुक्तीपत्र दिले की मात्र आपले काम संपले असे मंडळ धरून चालते आणि नवी व्यक्ती एकटी पडते. मी विश्वस्त असलेल्या एका संस्थेत आम्ही हेच केले. नेमलेल्या कर्तबगार बाईंनी वर्षाच्या आतच राजीनामा दिला. त्यात दोष आमचा होता, हे आज उघडपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्यांची पहिली अडचण पैशाची होती. बँकेतील शिल्लक भरघोस दिसत होती. परंतु तिच्यातील बहुतेक रक्कम देणगीदारांनी ठरावीक प्रकल्पांसाठीच दिलेली असल्यामुळे पगार, भाडे अशा नेहमीच्या खर्चासाठी वापरता येईल असा निधी जेमतेम ३ महिने पुरेल इतकाच होता. हे त्यांना कळले ते थेट लेखापरीक्षणाच्या वेळी. कोणता निधी कशासाठी बांधलेला आहे, कोणते अनुदान केव्हा संपते, कोणाला कोणता अहवाल द्यायचा आहे आणि कोणाला कोणते शब्द तोंडी दिले गेले आहेत, याचे टिपण पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती असायला हवे होते. तोंडी दिलेल्या शब्दांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ते कोणत्याही फाइलीत सापडत नाहीत.

दुसरी अडचण नाजूक होती. संस्थापक निवृत्तीनंतरही रोज कार्यालयात येत आणि कर्मचारी सवयीने त्यांनाच विचारत. त्यांचा हेतू चांगलाच होता, तरी नव्या अधिकाऱ्यांचा प्रत्येक निर्णय दुसऱ्या खोलीत पुन्हा तपासला जाऊ लागला. संस्थापकांनी जुन्या देणगीदारांशी ओळख करून द्यावी आणि नंतर काही महिने दूर राहावे, हे त्यांना सांगण्याचे काम अध्यक्षांचे होते. ते आम्ही संकोचापोटी टाळले.

या पदावरील व्यक्तीला आपली शंका ना हाताखालच्या कर्मचाऱ्यांपुढे मांडता येते, ना मूल्यमापन करणाऱ्या विश्वस्तांपुढे. म्हणून दुसऱ्या संस्थेतील अनुभवी प्रमुखाचे मार्गदर्शन तिला मिळवून द्यावे आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. देणगीदारांनीही असा खर्च अनावश्यक समजू नये.

ज्या संस्थांत लवकरच हा बदल होणार आहे, त्यांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की, पहिल्या वर्षाची तीन-चार उद्दिष्टे आणि अध्यक्षांबरोबरच्या मासिक भेटींच्या तारखा त्यांनी नियुक्तीच्या ठरावातच लिहून ठेवाव्यात.

आपला,
एक माजी विश्वस्त