मित्रास पत्र : दुकानाच्या पेजवर गिऱ्हाइकांशी काय बोलावे

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले तुझे चंदेरी साड्यांचे दुकान मार्गी लागले आणि दुपारच्या वेळी वहिनी स्वतः गल्ल्यावर बसतात, हे वाचून फार बरे वाटले. दुकानाच्या फेसबुक पेजविषयी मात्र तू खट्टू होऊन लिहिले आहेस. रोज एका साडीचा फोटो, खाली किंमत, त्याखाली ‘मर्यादित साठा, त्वरित संपर्क साधा’ ही ओळ, आणि कमेंटमध्ये दोन-चार नातेवाइकांनी टाकलेले जोडलेले हात, यापलीकडे तिथे काही घडत नाही. आणि भाचा म्हणतो की आता पैसे भरून पोस्ट बूस्ट करा. बूस्ट पुढेमागे जरूर कर, पण आत्ताच नको. ज्या पोस्टवर बोलण्यासारखे लोकांना काही सापडत नाही, ती पैसे मोजून दहापट लोकांपुढे नेली तरी दहापट लोक गप्पच राहतील.

माझ्या माहेश्वरी साड्यांच्या दुकानाचे पेज मी चालवतो आहे, त्या अनुभवावरून तुला एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. दुकानात आलेल्या बाईंपुढे आपण साडी उलगडतो तेव्हा पहिल्या वाक्यात किंमत सांगत नाही. हा रंग कसा चढवला, हे सूत कुठले, ही नेसल्यावर फुगते की अंगाला बसते, धुवायची कशी, आईला द्यायची असेल तर कोणती द्यावी, असे बोलणे होते, आणि त्या बोलण्यात त्यांचा आपल्यावर विश्वास बसतो. पेजवर आलो की हेच आपण गाळून टाकतो आणि फक्त किमतीची चिठ्ठी उरते. तेव्हा पेजवर साडी विकायची नाही. तू गल्ल्यावर जे फुकट सांगतोस ते पेजवर सांगायचे, आणि लोकांना त्यांच्याजवळचे सांगू द्यायचे. विक्री दुकानात आणि फोनवर होत राहते, तिला पेजवर ओढून आणावे लागत नाही.

विषय कुठून आणायचे, असे तू विचारशील. गल्ल्याजवळ एक वही ठेव आणि गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत तिच्यात उतरवून ठेव. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा, की ‘चंदेरी आणि माहेश्वरी यांत फरक काय?’ तुझ्याकडेही हा प्रश्न येत असणारच, आणि याच्या उत्तरात किती पोस्ट दडलेल्या आहेत ते पाहा. दोन्हींत रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) असू शकतो, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. पण चंदेरीची ती पारदर्शक झळाळी येते ती तिच्या रेशमी धाग्यावरचा नैसर्गिक डिंक काढून टाकलेला नसतो म्हणून, आणि तिच्या अंगावरची बुट्टी जादा बाण्याच्या धाग्याने मागावरच हाताने भरलेली असते. माहेश्वरीचे अंग बहुधा साधे, चौकड्यांचे किंवा पट्ट्यांचे असते आणि तिचा सगळा साज काठापदराला असतो. एवढेच तू साध्या भाषेत लिहिलेस, सोबत चंदेरीच्या पदरामागे तळहात धरून काढलेला एक फोटो लावलास आणि शेवटी विचारलेस की तुमच्या कपाटात यांपैकी कोणती आहे, तर उत्तरे येतील, कारण याचे उत्तर प्रत्येकीजवळ आहे आणि ते देण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

मी केलेल्या एका पोस्टचे थोडे सविस्तर सांगतो. माहेश्वरीच्या बुगडी किनारीची खासियत म्हणजे ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे साडी सुलट-उलट कशीही नेसता येते. मी एक छोटी रील केली, तिच्यात चेहरा नाही, संगीत नाही. फक्त काठावर ठेवलेला अंगठा, मग काठ सावकाश उलटलेला, आणि पुन्हा तेच विणकाम. खाली लिहिले, ‘तुमच्या घरातली सर्वांत जुनी माहेश्वरी काढा, काठ उलटून पाहा आणि ती कोणाची आहे ते सांगा.’ मी साडी दाखवली होती, पण लोक बोलले ते माणसांविषयी. एकीने सासूबाईंच्या नऊवारीचा फोटो पाठवला, त्याच्या पदरावर तीन रंगीत आणि दोन पांढरे असे माहेश्वरीचे जुने पाच पट्टे स्पष्ट दिसत होते. त्याखाली दुसरीने विचारले की ही घडीवर विरली कशी नाही, आणि मी उत्तर देण्याआधीच त्या पहिल्या बाईंनी लिहिले की दर काही महिन्यांनी घडी बदलतो आणि सुती पंच्यात गुंडाळून ठेवतो. मला सांगायचे होते ते गिऱ्हाइकानेच गिऱ्हाइकाला सांगितले, आणि माझ्या सांगण्यापेक्षा त्याचे वजन कितीतरी जास्त होते. त्या सगळ्या बोलण्यात मी माझ्या दुकानातल्या एकाही साडीचे नाव घेतले नाही. फोटो पेजवर पुढे वापरण्याआधी मात्र मी त्यांची परवानगी विचारली, आणि हे तूही कधी चुकवू नकोस. लोक घरातली वस्तू विश्वासाने दाखवतात.

गावाशी जोडलेले बोलणेही असेच चालते. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतली आणि महेश्वर ही राजधानी केली. माहेश्वरीच्या किनारींवरच्या अनेक नक्षी तिथल्या किल्ल्याच्या आणि घाटांच्या दगडी कोरीवकामावरून आलेल्या आहेत. किल्ल्यातल्या एका दगडी पट्टीचा फोटो आणि शेजारी तशीच किनार असे दोन फोटो मी टाकले, आणि इंदूरहून महेश्वरला नेहमी जाणाऱ्या लोकांनी आपापले फोटो खाली लावले. तुझ्याकडे हा खजिना कमी नाही. चंदेरी शिंद्यांच्या राज्यात होती, १९१० मध्ये संस्थानाने तिथे विणकामाचे शिक्षण देणारी संस्था काढली, २००५ मध्ये चंदेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. अशर्फी बुट्टी कशी दिसते, मेंदीच्या हातांची नक्षी कशी असते, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या आजींना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यांना विचार. सणावारी दुकानाचा शिक्का मारलेले शुभेच्छांचे चित्र सगळेच टाकतात आणि कोणी वाचत नाही. त्याऐवजी भाद्रपदात ‘तुमच्या गौरींना यंदा कोणती साडी नेसवली’ एवढे विचारलेस तर घरोघरच्या गौरी तुझ्या पेजवर येतील.

आता उत्तरांविषयी, कारण माझ्या मते पोस्टपेक्षाही उत्तर महत्त्वाचे आहे. कोणी दोन ओळी लिहिल्या की नुसता अंगठा किंवा ‘धन्यवाद’ देऊन मोकळे होऊ नये. त्यांचे नाव घे, त्यांनी जे लिहिले त्यातली एक गोष्ट पकडून उत्तर दे आणि जमल्यास एक साधा प्रश्न परत विचार. ‘घरी धुता येईल का?’ असे कोणी विचारले तर ‘दुकानात या, सांगतो’ म्हणू नकोस. जरीची साडी ड्रायक्लीनलाच द्या, बिनजरीची पहिल्या धुण्यांना वेगळी, थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवा आणि सावलीत वाळवा, असे पूर्ण उत्तर तिथेच लिही, कारण तोच प्रश्न मनात असलेली आणखी माणसे ते गप्पपणे वाचत असतात. ज्या भाषेत प्रश्न येईल त्याच भाषेत उत्तर दे. आपल्याकडे एकाच पोस्टखाली कोणी शुद्ध मराठीत लिहितो, कोणी ‘भैया, ये घर पर धुल जाएगी क्या’ असे विचारतो, आणि दोघांनाही आपले दुकान आपले वाटले पाहिजे.

किमतीबाबत माझे मत ठाम आहे. न विकता बोलायचे म्हणजे किंमत लपवायची असे नव्हे. किंमत विचारल्यावर ‘इनबॉक्स पाहा’ असे उत्तर देण्याची जी रीत पडली आहे ती मला मुळीच पटत नाही. समोर विचारले, तर समोरच सांगावे. ज्याला परवडत नाही तो निदान अंदाज घेऊन जातो, आणि माणूस पाहून भाव बदलतात की काय, ही शंका कोणाच्या मनात राहत नाही.

फेसबुकचे नियमही या बाजूचेच आहेत, म्हणून भाच्याला हे वाचून दाखव. पेजवरच्या नुसत्या जाहिरातवजा पोस्ट जानेवारी २०१५ पासून लोकांना कमी दाखवल्या जातील, असे फेसबुकने २०१४ च्या अखेरीसच जाहीर केले होते. ‘लाइक करा’, ‘तीन मित्रांना टॅग करा’ अशी गळ घालणाऱ्या पोस्ट मागे टाकण्याचे डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले, आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यूज फीडची मांडणी बदलून माणसांमाणसांत संवाद घडवणाऱ्या पोस्टना अग्रक्रम दिला. म्हणून ‘टॅग करा आणि साडी जिंका’ या स्पर्धेच्या नादी लागू नकोस. तिने गर्दी जमते, पण ती बक्षिसासाठी जमलेली गर्दी असते, आणि निकाल लागल्यावर त्यांच्यापैकी कोणाला चंदेरीत रस उरत नाही.

एक नाजूक प्रसंग तुझ्यावर येईलच. कोणीतरी दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या साडीचा फोटो तुझ्या पेजवर टाकून विचारील, ही खरी हातमागाची आहे का? अशा वेळी त्या दुकानाविषयी एक अक्षर लिहायचे नाही आणि फोटोवरून निकालही द्यायचा नाही. पाहायचे कसे ते मात्र सांगायचे. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांमुळे काठाच्या कडेला बारीक छिद्रे राहिलेली पुष्कळदा दिसतात. विणीत कुठेकुठे किंचित कमी-जास्तपणा असतो, यंत्रमागाचे कापड आरपार एकसारखे असते. बुट्टी हाताने भरलेली आहे का, ते उलट बाजूने पाहावे. आणि केंद्र सरकारने २००६ मध्ये सुरू केलेले ‘हँडलूम मार्क’चे लेबल आहे का ते बघावे. यंत्रमागाचे कापड वाईट असते असेही लिहू नकोस, कारण अनेक घरांत तेच परवडते. ते हातमागाचे म्हणून विकले जाऊ नये, एवढाच आपला आग्रह. असे समतोल उत्तर दिलेस की विचारणारी बाई पुढची साडी घेताना आधी तुलाच विचारील.

विणकरांविषयी लिहिताना जास्त जपून लिही, असे मी कळकळीने सांगतो. मागावर बसलेल्या माणसाचा वाकलेल्या पाठीचा फोटो आणि खाली ‘लुप्त होत चाललेली कला’ हे शब्द, हे मला पाहवत नाही. त्याला विचारून त्याचे नाव लिही, ही साडी विणायला किती दिवस लागले ते त्याच्या तोंडून ऐकून लिही, त्याला त्याच्या कामातले काय अवघड वाटते ते लिही. नाव द्यायची त्याची इच्छा नसेल तर नुसते हात दाखव. पुढे तीच पोस्ट त्याच्या मुलाच्या फोनवर पाठव. त्या घराने ती पाहणे मला गिऱ्हाइकांनी पाहण्याइतकेच मोलाचे वाटते.

व्हॉट्सॲपचे थोडक्यात सांगतो. तिथल्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला संदेश फक्त ज्यांनी तुझा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून बिल देताना नंबर साठवून घ्यायची विनंती कर, पण रोज संदेश धाडून त्यांचा फोन भरू नकोस. नवा माल स्टेटसवर लाव. ते चोवीस तासांनी आपोआप जाते आणि ज्याला पाहायचे तो पाहतो. म्हणजे पेज बोलण्यासाठी मोकळे राहते. पेजवरही कधीमधी साडी सरळ दाखवायला हरकत नाही; एरवी मनापासून बोलणाऱ्याने एखाद्या दिवशी ‘हा नवा माल आला आहे’ म्हटले तर कोणाला खटकत नाही.

तुमचा व्यापार मेळा हिवाळ्यात भरेल. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या त्या मेळ्यात तू गाळा घेणार आहेस, तर विक्रीच्या घाईतही वही जवळ असू दे, कारण एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या लोकांचे प्रश्न वर्षभरात दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाहीत. तोवर पहिली पोस्ट पदरामागच्या तळहाताचीच कर. फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, दिवा न लावता घे. दिव्यात चंदेरीचा खरा रंग येत नाही आणि मग पार्सल उघडल्यावर वाद होतात. मजकूर वहिनींना लिहू दे. दुपारी गिऱ्हाइकांशी त्या बोलतात, तेव्हा ते शब्द त्यांच्याजवळ तयार आहेत. लिहून झाले की टाकण्याआधी मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
इंदूरचा मित्र