सूचना : इन्सुलिन घेणाऱ्या वैमानिक सदस्यांसाठी

अमेरिकेत तृतीय श्रेणीच्या (खासगी उड्डाणासाठीच्या) वैद्यकीय प्रमाणपत्रावर उड्डाण करणाऱ्या, बोटाच्या रक्तावर साखर तपासणाऱ्या सदस्यांना कळविण्यात येते की, इन्सुलिन घेत असताना उड्डाण करण्याची १९९६ पासून मिळालेली परवानगी अटींसह आहे. उड्डाणापूर्वीच्या अर्ध्या तासात, नंतर दर तासाला आणि उतरण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात तपासणी बंधनकारक आहे. उड्डाणापूर्वी साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी भरल्यास किमान १० ग्रॅम ग्लुकोज घेऊन अर्ध्या तासाने पुन्हा तपासावे. ३०० च्या वर असल्यास उड्डाण रद्दच करावे. हवेत असताना १०० च्या खाली गेल्यास २० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि ३०० ओलांडल्यास जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे.

खराब हवेमुळे नियंत्रणावरून हात काढता येत नसेल, तर १० ग्रॅम ग्लुकोज घेऊन त्या तासाची तपासणी वगळता येते. मात्र लागोपाठ दुसरी वगळता येत नाही. हा नियम अनेकांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम नमूद केला आहे. ग्लुकोजच्या गोळ्या मागच्या सीटवरील बॅगेत न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवाव्यात, कारण साखर उतरू लागली की हात थरथरतात आणि चेन उघडणेही जड जाते.

व्यावसायिक श्रेणींसाठी सतत ग्लुकोज मोजणाऱ्या उपकरणाची वेगळी पद्धत लागू आहे. त्या सदस्यांनी आपल्या विमानवैद्यकीय परीक्षकांशी बोलावे.