पहिली खानेसुमारी आणि हुकलेले 2021

महोदय,

जनगणनेच्या बातम्यांत ‘देशातील पहिली जनगणना 1872 ची’ हे वाक्य हमखास असते. पण त्या साली सगळा देश एकदम मोजला गेलाच नव्हता. मुंबई इलाख्यात 21 फेब्रुवारी 1872 ला मोजणी झाली. वऱ्हाडाची 1867 सालीच झाली होती, पंजाबची 1868 साली. तेच जुने आकडे त्यात धरले गेले. निजामाच्या राज्यातला मराठवाडा तर बाहेरच राहिला.

देशभर एकाच वेळी खानेसुमारी झाली ती 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री. तक्ते आधीच घरोघर फिरून भरलेले असत. त्या रात्री पुन्हा दारोदार जायचे, मधल्या दिवसांत कोणी गेला असेल तर त्याचे नाव खोडायचे, नवे मूल किंवा मुक्कामाचा पाहुणा असेल तर तो चढवायचा. काश्मीर वगळून 25 कोटी 38 लाख माणसे भरली.

आम्हा सोलापूरकरांना या दोन्ही मोजण्यांचे मोल फार आहे, कारण त्यांच्या मधोमध 1876-78 चा दुष्काळ आहे. सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांची लोकसंख्या नऊ वर्षांत वाढायची ती घटली. मुंबई शहराची मात्र 6,44,405 वरून 7,73,196 झाली. दुष्काळात किती माणसे मेली, किती देशोधडीला लागली, याचा अदमास आज बांधता येतो तो अलीकडे-पलीकडे मोजणी होती म्हणून. नाहीतर त्या माणसांची कुठे दादही लागली नसती.

आता आपले पाहा. 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांची जनगणना एकदाही चुकली नाही. 1941 साली महायुद्ध चालू असतानाही ती झाली. 2021 ची मात्र राहिली आणि आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे करोनाची वर्षे सोळा वर्षांच्या एकाच गाठोड्यात जाणार. माझ्या तालुक्यात त्या दोन वर्षांत काय झाले, हे नुसत्या बेरजेवरून कळणार नाही.

म्हणून सरकारला कळकळीची विनंती आहे. 2027 च्या आकड्यांबरोबर 2011 पासूनच्या जन्म-मृत्यू नोंदीही वर्षवार आणि तालुकावार, मराठीतून प्रसिद्ध कराव्यात. या नोंदी ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत होतच असतात. त्या एकत्र करून लोकांसमोर ठेवायच्या आहेत.

— एक वाचक, सोलापूर