पाय टेकवतोय, काळजी नको

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही चिडलात, "मोडलेला पाय टेकवू नको म्हणलं तरी ऐकत नाहीस." तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितोय.

मी मनानं टेकवत नाही, डॉक्टरांनीच लावलंय. आपल्याकडं पाय मोडला की खाटेवर झोपवून ठेवतात. माझ्या नडगीच्या हाडात मात्र गुडघ्याकडून आत रॉड घातलाय, बोअरमध्ये पाइप सोडतात तसा, आणि वर-खाली स्क्रू मारलेत. त्यामुळं मोड जागची हलत नाही. आता भार पडला की हाड नीट भरतं. पडून राहिलं तर उलट ठिसूळ होतं, मांसही झडतं. माझी उजवी मांडी डावीपेक्षा इतकी वाळलीय की आईला दाखवायची सोय नाही. घोटा तर सकाळी लाकूडच झालेला असतो; टॉवेल अडकवून ओढत बसतो तेव्हा कुठं वाकतो.

हाडवैद्याचं तेल पाठवू नका. मोडीवर चोळायचं नसतं. आणि हो, डॉक्टरांनी आधी तंबाखूचं विचारलं. तिच्यानं हाड जुळायला उशीर लागतो. मी खात नाही ते बरं, तुमच्या चंचीबद्दल मी काही बोलत नाही.

आता फुटबॉल खेळायचं. नडगीवर शिन गार्ड घातलेलंच होतं. पाय जमिनीत रुतलेला आणि समोरच्याचं अख्खं अंग वरून आलं, त्याला गार्ड काय करणार? इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबच्या ॲरन रॅमसीची नडगी फेब्रुवारी २०१० मध्ये अशीच मोडली. नोव्हेंबरात तो परत मैदानात होता, आणि २०१४ ची तिथल्या एफए कप स्पर्धेची फायनल आर्सेनलनं त्याच्याच गोलवर जिंकली. त्याच्या दिमतीला अख्खा क्लब होता, माझ्याकडं रबरी पट्टा आणि भाड्याच्या खोलीचा जिना. म्हणून मला जास्त वेळ लागंल. आधी चालणं, मग पळणं, मग चेंडू, अंगावर जाणं सगळ्यात शेवटी. पण आमखास मैदानावर जाणार. शिफ्टभर मशीनपुढं उभं राहिल्यावर तो एक तास माझा असतो, बाबा.

आई, आळिवाचे लाडू आणि ज्वारीचं पीठ पाठव. वेचणी सोडून इकडं धावू नका, मजूर मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. पिशवी कंडक्टरकडं नको, गावातलं कुणी येणार असंल तर त्याच्याकडं द्या.

तुमचा,
बाळू