तक्रारी ‘निरंक’, म्हणजे महाविद्यालय सुरक्षित?

महोदय,

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीला दरवर्षी एक अहवाल द्यावा लागतो. वर्षभरात आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या तक्रारी आणि नव्वद दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहिलेल्या तक्रारी असे त्यात रकाने असतात. मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत या सगळ्या रकान्यांपुढे एकच शब्द होता : निरंक. सत्तावीस वर्षे शिकवल्यानंतर, आणि त्यांतली सहा वर्षे अशा समितीवर काढल्यानंतर, हा शब्द वाचून मला समाधान वाटत नाही, धास्ती वाटते. हजार-दोन हजार तरुण मुले-मुली जिथे रोज एकत्र वावरतात, तिथे वर्षभरात एकाही मुलीला त्रास झाला नाही, यापेक्षा झालेला त्रास कोणाला सांगावा असे तिला वाटले नाही, हीच शक्यता मोठी आहे.

एक प्रसंग सांगते. मुलीची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. दुसऱ्या वर्षाची ती विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. रेघांच्या कागदावर तिने तक्रार लिहून आणली होती. घटनेची वेळ दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली होती, कारण वेळ पाच-दहा मिनिटांनी जरी चुकली तरी आपले सगळेच म्हणणे खोटे ठरेल, अशी तिला भीती होती. तिचे पहिले वाक्य होते, ‘मॅडम, माझीही थोडी चूक आहे.’ आणि माझा पहिला प्रश्न होता, ‘मग इतके दिवस का थांबलीस?’

तो मुलगा तिच्याच वर्गातला, प्रकल्पाच्या गटातला, तिच्या घरी येऊन गेलेला होता. पुढचे दोन आठवडे जे झाले ते आपल्यातल्या अनेकांना पाठ असेल. तिच्या आईवडिलांना बोलावून घेतले गेले. ‘मुलगा चांगल्या घरातला आहे’, ‘त्याचे वर्ष वाया जाईल’, ‘उद्या बोभाटा झाला तर तुमच्याच मुलीचे नाव होईल’, ही वाक्ये अतिशय मायेने, चहाचा कप पुढे करत बोलली गेली. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज तिच्याकडून लिहून घेण्यात आला. मुलाला ‘समज देण्यात आली’. ती मुलगी त्यानंतर तासांना येईनाशी झाली आणि वर्ष संपताच दाखला घेऊन गेली. तो मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला. त्या वर्षीच्या अहवालात ‘निरंक’ लिहिले गेले आणि त्या पानाखालच्या सह्यांमध्ये माझीही सही आहे.

ज्याला हल्ली ‘रेप कल्चर’ म्हटले जाते ते आपल्याकडे नाही, तो बाहेरून आलेला शब्द आहे, असे म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. मला त्या शब्दाचा अर्थ त्या दोन आठवड्यांत कळला. अत्याचार करणारा एक असतो. पण तो करूनही आपले काही बिघडणार नाही, ही खात्री त्याला अनेक जण मिळून देतात. स्नेहसंमेलनात कोणाचे नाव न घालता एखाद्या मुलीवर टाकलेला घाणेरडा ‘फिशपाँड’ वाचून दाखवला जातो, सभागृह हसते, पुढच्या रांगेत बसलेले प्राध्यापकही हसतात आणि त्या मुलीलाही हसावे लागते. वसतिगृहातल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वर्गातल्या मुलींना गुण दिले जातात, त्यांची चोरून काढलेली छायाचित्रे फिरतात, आणि ज्या चार मुलांना हे किळसवाणे वाटते ती गप्प राहतात, कारण बोलले तर गटातून बाहेर काढले जाईल. नकार मिळूनही महिनोन्‌महिने मागे लागणाऱ्या मुलाला मित्र ‘खरा प्रेमी’ ठरवतात. कायद्यात मात्र २०१३ पासून पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. यातली प्रत्येक गोष्ट बलात्काराएवढी गंभीर आहे असे मी म्हणत नाही. पण हे सगळे पाहत मोठी झालेली मुलगी तक्रार घेऊन येते तेव्हा ‘माझीही थोडी चूक आहे’ अशी सुरुवात का करते, ते यावरून समजते.

‘इतके दिवस का थांबलीस’ या प्रश्नाकडे मी पुन्हा येते, कारण तो मला अजून सोडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. म्हणजे उशीर होणार हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. अनोळखी माणसाने अंधारात गाठले असते तर कदाचित ती मुलगी ओरडली असती, धावली असती, त्याच दिवशी आली असती. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचाच असल्याचे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. विश्वासातल्या माणसाने केलेल्या अत्याचाराला ‘अत्याचार’ हे नाव द्यायलाच मुलीला काही आठवडे लागतात. त्या काळात ती परीक्षा देते, प्रकल्प सादर करते, त्याच मुलाच्या निरोपाला उत्तरही देते. पुढे चौकशीत ते उत्तर तिच्यासमोर ठेवले जाते आणि ‘मग हे काय?’ असे विचारले जाते.

संमतीविषयीचा हा गोंधळ आपल्या न्यायालयांनीही एकेकाळी घातला होता. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. त्या मुलीच्या नावावरून ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ते ओळखले जाते. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, अशा कारणांनी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यातून आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर संमती म्हणजे शब्दांतून, खुणांतून वा अन्य प्रकारे स्पष्टपणे व्यक्त झालेला स्वेच्छेचा होकार, अशी व्याख्याच केली आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हेही लिहून ठेवले. भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद आहे. चार अध्यापकांच्या पत्राने जिथे सुरुवात झाली, त्या देशातल्या प्राध्यापकांच्या खोलीत आजही ‘मग तिने आरडाओरडा का केला नाही?’ असे सहज विचारले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

नियमांची आपल्याकडे वानवा नाही. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे मिळाली. २०१३ मध्ये त्यांचा कायदा झाला. उच्च शिक्षण संस्थांसाठी अनुदान आयोगाने केलेले २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. ते मन लावून वाचले तर करणाऱ्यांनी किती बारीक विचार केला होता, हे लक्षात येते. समितीत निम्म्याहून कमी महिला असता कामा नयेत. बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतली एक व्यक्ती हवी. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि तेही पारदर्शक निवडणुकीने आलेले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांसारख्या अधिकारपदावरच्यांना समितीत स्थान नाही, कारण ज्यांच्या हाती गुण आणि बढत्या असतात त्यांच्यासमोर कोणी मोकळेपणी बोलत नाही. शैक्षणिक सहली, शिबिरे, क्रीडा स्पर्धा आणि प्रशिक्षणाच्या जागाही ‘परिसर’ या शब्दात येतात. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. ती चालू असताना ज्याच्यावर आरोप आहे त्या अध्यापकाला तक्रारदार मुलीचे गुणांकन करण्यापासून दूर ठेवता येते. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अत्याचाराला बळी पडतात, याचीही दखल तिथे आहे.

प्रत्यक्षात काय होते? सूचनाफलकावर सदस्यांची यादी असते आणि तिच्यात कधी निवृत्त झालेल्या बाईंचे नाव असते, कधी बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक. विद्यार्थी प्रतिनिधी प्राचार्य ‘सुचवतात’. बाहेरची सदस्य म्हणून संचालक मंडळातल्याच कोणाच्या तरी नात्यातल्या बाई येतात. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचे खेदाने नोंदवले आणि समित्या खरोखर नेमल्या आहेत की नाहीत, हे तपासण्याचे आदेश दिले. जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती; दाद मिळत नाही असे वाटून तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी ती गेली. तिने सांगितले नव्हते, असे तिच्याबाबत कोणालाही म्हणता येणार नाही.

अशी एखादी घटना घडली की महाविद्यालये जागी होतात ती मुलींना कोंडण्यासाठी. मुलींच्या वसतिगृहाचे दार तासभर आधी बंद होते, ग्रंथालयात संध्याकाळी बसायला बंदी येते, कॅमेरे वाढतात, पोशाखाविषयी परिपत्रक निघते. सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे निर्बंध लादू नयेत, असे त्याच विनियमांत नमूद आहे, हे कोणी वाचलेले नसते. मग मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर भरते. त्या दिवशी मुलांना सुटी असते. मी शिबिरांच्या विरोधात नाही, पण ज्याच्याशी बोलायला हवे त्यालाच सुटी द्यायची हे कोणते शहाणपण? नकार कसा ऐकावा, मित्र मर्यादा सोडत असेल तर त्याला कसे थांबवावे, नशेत असलेल्या मुलीची संमती ही संमती नसते, हे मुलांशी स्पष्ट शब्दांत बोलावे लागेल, आणि ते पुरुष प्राध्यापकांनीही बोलावे लागेल. माझ्या अनुभवात मुले ऐकतात. आजवर त्यांच्याशी कोणी बोललेलेच नसते.

खोट्या तक्रारींचे काय, असा प्रश्न या पत्रावर येईल हे मला ठाऊक आहे. आरोप झालेल्याला तक्रारीची प्रत सात दिवसांत मिळते, उत्तराला दहा दिवस मिळतात, निर्णयाविरुद्ध अपील करता येते आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे सिद्ध झाल्यास कारवाईचीही तरतूद आहे. फक्त तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे, एवढे नियमांनी स्पष्ट केले आहे. निर्दोष मुलाच्या दृष्टीनेही नीट झालेली चौकशीच हिताची आहे. ‘समज देऊन’ मिटवलेल्या प्रकरणात त्याचाही निर्दोषपणा कधीच सिद्ध होत नाही.

माझी मागणी छोटी आहे. तक्रारींचा आकडा महाविद्यालयाच्या बेअब्रूचा आकडा मानणे आपण सर्वांनी सोडावे. नावे गुप्त राहिलीच पाहिजेत, पण किती तक्रारी आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या आणि काय कारवाई झाली, हे प्रत्येक महाविद्यालयाने संकेतस्थळावर दरवर्षी जाहीर करावे. मूल्यांकनासाठी येणाऱ्या समित्यांनी ‘निरंक’ दिसताच पुढचे पान उलटण्याऐवजी विद्यार्थिनींना वेगळे बोलावून दोन प्रश्न विचारावेत : समितीच्या अध्यक्षा कोण आहेत, आणि काही झाले तर तू त्यांच्याकडे जाशील का? समितीवर नेमणूक झालेल्या प्रत्येकाला तक्रार कशी ऐकावी याचे प्रशिक्षण मिळावे. मला ते मिळाले नव्हते आणि त्याची किंमत माझ्याऐवजी त्या मुलीने मोजली. गुन्हा गंभीर असेल तर पोलिसांत जाण्याचा तिचा हक्क समितीच्या चौकशीमुळे संपत नाही, हे तिला पहिल्याच भेटीत सांगितले जावे.

आणि पालकांना एक विनंती. प्रवेशाच्या वेळी आपण शुल्क, निकाल, नोकरीच्या संधी सगळे विचारतो. त्याच खिडकीपाशी अंतर्गत तक्रार समितीबद्दलही विचारावे. गेल्या पाच वर्षांत एकही तक्रार आली नाही, असे उत्तर अभिमानाने मिळाले, तर समितीच्या बाहेरच्या सदस्याचा दूरध्वनी क्रमांक मागून घ्यावा आणि तो लागतो का, हे तिथेच उभे राहून पाहावे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका