बिंदू चौकातले दोघे

कोल्हापूर, शनिवार रात्र

प्रिय सुन्या,

पत्र मिळालं. पोरीनं ‘माझा आदर्श’ या भाषणाला रोनाल्डो निवडला म्हणून तू वैतागलायस! मर्दा, वर्ल्ड कप आला की पेठेत मेस्सीच्या कटआउटला बांबू धरायला सगळ्यात पुढं कोण असायचं?

आपल्या गावाला मूर्तीशिवाय करमतच नाही. अंबाबाईची मूळ मूर्ती झिजू नये म्हणून २०१५ साली पुरातत्त्व खात्यानं तिचं संवर्धन केलं, आणि पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. गणपतीची तऱ्हा वेगळी. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून वाजतगाजत आणायचा आणि इराणी खणीच्या पाण्यात सोडून हात हलवत घरी यायचं. तिथं कुणाला झिजण्याची काळजी नसते.

पण मला सारखा आठवतो तो बिंदू चौक. आपण तिथं वडापाव खात किती संध्याकाळी घालवल्या, पण वर मान करून पुतळ्यांकडं कधी नीट बघितलं नाही. समाजसुधारक माधवराव बागलांच्या पुढाकारानं १९५० साली महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर तिथं शेजारी शेजारी उभे राहिले. तेव्हा बाबासाहेब हयात होते! त्याच्या आदल्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेत ते बजावून आले होते, की धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडंच नेते. थोर माणसाच्या पायावरही आपलं स्वातंत्र्य वाहू नये, हे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचं म्हणणंही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं.

असं बोलणाऱ्याचाच पुतळा? मला तरी ते खटकत नाही. फुल्यांना ते गुरू मानत, पण त्यांच्याच पावलांवर पाऊल ठेवून थांबले नाहीत. कायदा, अर्थशास्त्र, शेवटी बुद्ध, असे स्वतःच्या वाटेनं गेले. भर चौकात ती जोडी उभी करणं म्हणजे गावानं आपली बाजू सांगणं होतं. हल्ली जयंतीला डॉल्बीच्या भिंती लागतात, तेव्हा १९४९ चं ते भाषण कुणाला ऐकू जाणार, हा भाग वेगळा.

तेव्हा पोरीला रोनाल्डोवरच बोलू दे. फक्त त्याची न पटलेली एक तरी गोष्ट भाषणात घाल म्हणावं. घालायला तयार नसेल तर मात्र मला फोन कर, मी बोलतो तिच्याशी.

वहिनींना नमस्कार. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पोरीला घेऊन शाहू स्टेडियमवर ये. आपल्या पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच बघितली की रोनाल्डोला स्पर्धा लागेल.

तुझा,
बाळ्या